ठरवणाऱ्यांच्यात बसायचं होतं

लोणी देवकरच्या एका कारखान्यात मी मालाच्या तपासणीला होते. नव्याने आलेल्या तिघा पोरांना काम मी शिकवलं आणि तिघंही माझे साहेब झाले. म्हणून विभागप्रमुखाची जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला.

मुलाखतीला पुण्याहून आलेले साहेब गोड हसले. "मॅडम, घरची डाळिंबाची बाग आहे, मिस्टर कमावतात. मग ही दगदग कशासाठी?"

करिअर, कंपनीची प्रगती, असलं उत्तर मी पाठ करून गेले होते. पण डोकंच सणकलं. "माझ्या आधी आत आलेल्याला विचारलंत हे? त्याचीही द्राक्षबाग आहे."

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. मला ही जागा पाहिजे, कारण इथं काय ठरतं ते मला सगळं ठरून गेल्यावर कळतं."

बोलले आणि मीच चपापले. हे काही एकट्या कारखान्याबद्दल नव्हतं. दहावीनंतर मला बारामतीला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता. शेळगावच्या आमच्या ओसरीत थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, परस्पर ठरवलं की पोरगी इंदापुरातच शिकेल. मी दाराआड उभी होते. पुढं लग्नही तसंच ठरलं. तारीख मला शेजारणीनं सांगितली. इतकी वर्षं ज्याला मी महत्त्वाकांक्षा म्हणत होते, तो निव्वळ संताप होता.

जागा बाहेरच्या माणसाला दिली. वर मला म्हणाले, त्याला काम समजावून सांगा. मी राजीनामा त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्या रविवारी माहेरी गेले. तात्या ओसरीत बसले होते. "बरं झालं नोकरी सुटली. आता घर बघायचं. जावयाला मी सांगतो."

"तात्या, तुमाला कुणी विचारलं हाय का?"

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात आई पदर सावरत बाहेर आली. "तिचं तिला ठरवू द्या की." दिरांसमोर ती असं बोललेलं मी कधीच ऐकलं नव्हतं. तात्या चपला घालून निघून गेले.

आता मी बारामतीत एका छोट्या कारखान्यात जाते. पगार कमी आहे, पण दर सोमवारच्या बैठकीत मी असते. परवा नव्या मशिनवरून मालकांशी कडाक्याचं वाजलं. मशिन शेवटी त्यांच्याच पसंतीचं आलं. मी अजून धुमसतेय.