मालकांपुढे ‘ते’

तक म्योंगसुन बोलण्यात चुकली, हे कोरियातल्या आमच्या देगू शहरात कुणाला शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. कापड रंगवायच्या कारखान्यात लागलेल्या नव्या पोरी कापड उकळायला शिकण्याआधी तिच्याकडून बोलायला शिकत. तिला हे वळण लावलं वडिलांनी, गावी लसूण खुरपताना. “आजोबांपुढे बापाचा विषय निघाला तर ‘बाबा आला’ म्हणायचं. ‘आले’ म्हटलंस तर आजोबांसाठी मान उरला कुठला?” कारखान्यातही तोच नियम. खात्यात साहेबांना ‘ते’ म्हणा, पण मोठ्या मालकांपुढे साहेब म्हणजे ‘तो’. एखादीची जीभ घसरली की म्योंगसुन सगळ्यांदेखत विचारी, “काय गं, तुला आईनं वाढवलं की लसणाबरोबर पेरलं होतं?”

असली फाटक्या तोंडाची बाई, पण मुकादम म्हणून पोरी तिच्यावर जीव टाकत. खात्याचे साहेब प्यो ग्युतेक वयानं तिच्याहून बरेच लहान, तरी दुपारी तिच्या सगळ्या पोरी पानावर बसल्याशिवाय ते चमचा उचलत नसत. म्योंगसुनला त्यांचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

त्या वर्षी चुसॉकच्या सणाला पोरींना गावाकडची बस मिळावी म्हणून तिनं निळ्या कापडाचा शेवटचा घाणा रंगाच्या टाकीतून वेळेआधीच बाहेर काढला. कुणाला विचारलं नाही. सण संपला आणि माल परत आला. सगळ्या कापडावर पट्टे उठले होते. म्योंगसुन कबूल करायला निघाली, तोवर प्योसाहेब मालकांना सांगून मोकळेही झाले होते, की घाई मीच करायला लावली. आता त्यांची नोकरी जाणार, हे भटारखान्यापर्यंत पोचलं.

“तू गप्प राहा,” भात वाढता वाढता बोंग काकू म्हणाली. “हाताखालच्यांचं आपल्या अंगावर घ्यायचं, हेच तर साहेबाचं काम.”

“आणि हाताखालच्यांचं काम काय? भात गिळायचा?”

तिला तो घास गिळवेना. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. चूक झाल्याची नव्हे, चूक दुसऱ्याच्या डोक्यावर बसल्याची.

खात्री करून घ्यायला मालकांनी तिला बोलावलं. दाराबाहेर प्योसाहेब मान खाली घालून उभे होते.

“मुकादमबाई, मी सांगितलंय तेच सांगा,” ते हळूच म्हणाले. “तुमच्या घरात कमावणाऱ्या तुम्ही एकट्या.”

“साहेब, आजवर तुमचं सगळं ऐकलं,” ती म्हणाली आणि आत गेली.

मालक चहा घेत होते. “घाई करायला त्यानं सांगितलं?”

“नाही मालक. ते त्या दिवशी खात्यात नव्हतेच. घाणा मी काढला, माझ्या मनानं.”

कोपऱ्यात बसलेल्या चिटणिसानं चमकून वर पाहिलं. मालकांनी पेला खाली ठेवला.

“पोरींना बोलायला शिकवतेस ती तूच ना?”

“मीच.”

“मग माझ्यापुढे त्याला ‘ते’?”

“जीभ घसरली नाही, मालक. शिकवलं तसंच आजवर बोलत आले. पण माझी चूक डोक्यावर घेऊन जे बाहेर उभे आहेत, त्यांना ‘तो’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुमचा मान कमी झाला असेल तर मला शिक्षा करा.”

मालकांनी पोटच्या मुलालाही बोलण्यातली चूक कधी माफ केलेली नव्हती.

“घाण्याची शिक्षा होणार,” ते म्हणाले. “मुकादमकी आजपासून गेली. उद्यापासून टाकीवर उभी राहा, सगळ्यांसारखी.”

म्योंगसुन कंबरेत वाकली. मुकादमकी मिळाली त्या दिवशीसुद्धा तिचा ऊर असा भरून आला नव्हता. ती वळली, तेव्हा मागून मालकांचा आवाज आला. ते चिटणिसाला सांगत होते, “बाहेर उभे आहेत, त्यांना आत बोलव.”

चिटणीस गोंधळला. “कुणाला, मालक?”

“प्योसाहेबांना,” मालक म्हणाले. “आणि खुर्ची ठेव. ते केव्हाचे उभे आहेत.”