मामांचा डबा आणि अक्काची बाजू

भालकीपासून कलबुर्गीपर्यंत लग्नाच्या पंगतीत स्वतःचा डबा उघडून बसणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघाला. मामा न्यायाधीश होते. आता निवृत्त आहेत. म्हणजे नोकरी निवृत्त झाली, मामा नाही. बाजारात वांगी घ्यायची तर आधी एका बाईचं म्हणणं ऐकतील, मग शेजारच्या टोपलीवालीचं, आणि 'विचार करून सांगतो' म्हणून रिकामी पिशवी घेऊन घरी येतील. नातवंडं भांडली की दोघांचे जबाब वेगवेगळ्या खोल्यांत. मामी म्हणते, माझ्या गळ्यात माळ घालतानासुद्धा हे इकडंतिकडं बघत होते, कुणाची हरकत आहे का म्हणून.

डब्यात भाकरी, शेंगाची चटणी, सोबत पाण्याची बाटली. ज्याचं मीठ खाल्लं त्याचाच दावा उद्या समोर आला तर काय करायचं, हा त्यांचा सवाल. एकदा हुलसूरला बारशात यजमानांनी बळेच हातात पेढा ठेवला. मामांनी तो दारातल्या गाईला घातला. गाय यजमानांचीच आहे असं मी म्हणालो, तर खूश झाले. मुद्देमाल परत गेला म्हणे!

आम्ही हसायचो, पण आई हसायची नाही. आई त्यांची मोठी बहीण, त्यांची अक्का. आमची आजी लवकर गेली, तेव्हा या धाकट्या भावाला आईनंच भरवून वाढवलं. पुढं मामांची पहिली नेमणूक भालकीला झाली आणि आमच्या भाऊबंदकीतला बांधाचा दावा नेमका त्यांच्याच कोर्टात आला. मामांनी तो दुसऱ्या न्यायाधीशांकडं पाठवला आणि त्या दिवसापासून आमच्या घरचं पाणीसुद्धा सोडलं. दावा मिटला, भाऊबंद एका पंगतीला बसले, मामा निवृत्त झाले. बंदी काही उठली नाही. वेळ अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात असतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा करायची आणि डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील खायची. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाताला धरून बसवतात. मामा दरवर्षी यायचे, आणि बांधावर बसून स्वतःचा डबा खायचे. आई त्यांचं ताट वाढून ठेवायची आणि संध्याकाळी ते म्हशीपुढं ओतायची. मला मामांचा मोठा अभिमान. पण त्या संध्याकाळी असा राग यायचा की काही बोलायची सोय नाही. आता आई थकली आहे. यंदा म्हणाली, "माज्या हातचा येक घास त्याच्या पोटात जाऊ दे. मग मला काई नगं."

हे माझ्या मुलीनं ऐकलं. ती कलबुर्गीला विद्यापीठात कायदा शिकते, आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या विभागानं मामांना व्याख्यानाला बोलावलं होतं. मीही गेलो. कुलगुरूंबरोबरचं जेवण टाळून मामांनी व्हरांड्यात डबा उघडला, पोरांनी फोटो काढले. व्याख्यान मात्र असं रंगलं म्हणता! कन्नडात सुरुवात, मधे दख्खनी, शेवट मराठीत. ते म्हणाले, कलमं पाठ केली म्हणजे कायदा आला असं नाही. समोरच्याचं ऐकून घेण्याची दानत म्हणजे कायदा. न ऐकता दिलेला निकाल बरोबर असला तरी अन्यायच. टाळ्या थांबेनात.

मग प्रश्न सुरू झाले आणि माझी मुलगी उभी राहिली. एका बाईला तिची बाजू न ऐकताच शिक्षा झाली आणि ती अजून भोगते आहे, तर तो निकाल टिकतो का, असं तिनं विचारलं. टिकत नाही, मामा ताडकन म्हणाले, तो रद्द करून पुन्हा सुनावणी घ्यावी लागते.

"मग ती बाई माजी आजी हाय, अज्जा. अन् निकाल तुमचा. तिच्या घरी जेवायचं न्हाई हे ठरवताना तिला इचारलं होतं का?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"न्हाई," ते म्हणाले. "अक्काची बाजू ऐकायची ऱ्हायली. निकाल रद्द. सुनावणी वेळ आमुशाला, शेतात."

पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं. विद्यापीठाच्या वार्तापत्रात पहिल्याच पानावर मथळा आला, 'माजी न्यायाधीशांचा स्वतःविरुद्ध निकाल', आणि मुलीचा फोटो कुलगुरूंच्या फोटोहून मोठा. भालकीच्या बसस्टँडवर मी तो ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना दाखवत सुटलो. गावाकडं जाणारी उदगीरची बस चुकली, पण दाखवायचा कोणी राहिला नाही.

वेळ अमावस्येला मामा आले, आणि हातात डबा! माझं डोकंच फिरलं. ते सरळ कोपीपुढं मांडी घालून बसले आणि म्हणाले, "अक्का, बोल तुजी बाजू."

आई चार दिवस घोकत होती. ऐनवेळी एवढंच म्हणाली, "लई वाळलास रे," आणि उंडा भज्जीत कुस्करून घास त्यांच्या तोंडापुढं धरला. मामांनी तो खाल्ला. मग दुसरा. डोळे पुसायला त्यांना हात रिकामे होते, पण त्यांनी पुसले नाहीत.

जेवण झाल्यावर त्यांनी डबा उघडला. आत काहीच नव्हतं. "ह्यात बी घाल," ते म्हणाले. आईनं इतका दाबून भरला की झाकण लागेना. मामा तो तसाच उघडा, दोन्ही हातांनी सांभाळत, बांधावरून गेले. ते दिसेनासे होईपर्यंत आई कोपीच्या दारात उभी होती. त्या संध्याकाळी म्हशीला मात्र काही मिळालं नाही.