सूर्य शांत झाला

वरच्या मजल्यावरच्या काकांइतकी सूर्याची काळजी सूर्यफुलांनीही केली नसेल. काका कारखान्यात इंजिनीअर. हिंदी मुलखातलं राज्य नवं, कारखाना त्याहून नवा, आणि क्वार्टर्सच्या भिंती इतक्या नव्या की खिळा ठोकला तर शेजारच्यांच्या खोलीत निघे. काकांचं लक्ष यातल्या कशातच नव्हतं. रोज सकाळी गच्चीवर ते छोट्या दुर्बिणीतून सूर्याचं प्रतिबिंब पांढऱ्या कागदावर पाडत आणि त्याच्यावरचे डाग मोजत. खालून दूधवाला ओरडे, "साहब, आज कितने दाग?" त्या वर्षी डाग जवळजवळ नव्हतेच. "एक भी नहीं!" काका आनंदाने सांगत. "तो फिर देखते क्या हो?" याचं उत्तर द्यायला काका जिना उतरून खाली येत आणि पुढच्या घरांचं दूध नासायची वेळ येई.

त्यांचं म्हणणं, बिनडागाचा सूर्यही स्वस्थ नसतो. एकदा ते थेट आमच्या स्वयंपाकघरात आले आणि उकळत्या पाण्यात त्यांनी चिमूटभर हळद टाकली. "बघ, पाणी मधून वर येतं, कडेला जातं, हळदीला कडेला ढकलतं. सूर्यावर अशी हजारो पातेली, आणि हळदीच्या जागी चुंबकत्व. ते कडांना साचतं, तिथून कमानींसारखं उठतं आणि वरचं वातावरण ढवळत राहतं."

आई म्हणाली, "भावजी, ते चहाचं आधण होतं."

काकांनी तो पिवळा चहा दोन कप प्यायला.

पुढे मराठी मंडळात त्यांचं भाषण ठरलं आणि आदल्या दिवशी घसा बसला. "तू सांग, मराठी करून," माझ्या हातात इंग्रजी कागद देत ते खरखरले. मी कॉन्व्हेंटमधली, हजेरीलाही नुसता हात वर करणारी. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून गेले.

धीर करून पहिलं वाक्य म्हटलं, "सध्या सूर्य शांत झाला आहे."

पहिल्या रांगेतल्या आजींनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई! कधी गं?"

हशा उसळला. मराठीत दिवा शांत होतो, माणूस शांत होतो, हे मला फार उशिरा आठवलं. कागदावरची अक्षरं दिसेनात. मी पळणार, तोच मागून घोगरा आवाज आला, "हळद सांग, हळद!"

मी हळद सांगितली. मग पातेलं, कडा, कमानी. कागद न बघता. शेवटी आजी म्हणाल्या, "म्हणजे आतून सगळं चालूच असतं की!"

"हो," मी म्हणाले, "लांबून दिसत नाही, एवढंच."

काका निवृत्त होऊन पुण्याला गेले. गच्चीवर आता पापड वाळतात. कुणी "किती शांत मुलगी" म्हटलं की माझी मान अजून खाली जाते. परवा आई घरी नव्हती. मी आधण ठेवलं, चिमूटभर हळद टाकली आणि बघत उभी राहिले. चहा वाईटच झाला.

दोन कप प्यायले.