थांब, परत सांगते

"थांब, परत सांगते." बोलणं अर्ध्यावर तोडून, डाव्या हाताचं बोट वर करून ती हे म्हणायची, आणि तेही फोनवर. विद्यानगरातल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयामागे पायऱ्या आहेत. तिथं रोज दुपारी तिची शाळा भरायची.

मी त्या ग्रंथालयात नोकरीला. शाळेतून नुकती आलेली पोरं मला लगेच ओळखू येतात, तुम्हालाही येतील. ही पायऱ्यांवरची पोरगी त्यातलीच. शाळेत सर प्रश्नोत्तरं सांगायचे, ही पाठ करायची. इथं चार पुस्तकं चाळून ज्याचं त्यानं लिहायचं. ही तिच्या गावी, कलघटगीच्या शाळेत पहिली आलेली. वाचनकक्षात बसली आणि मोठ्यानं घोकायलाच लागली. सगळ्यांनी माना वर केल्या.

"अगं, मनात वाच," मी म्हटलं.

"मनात वाचलं की डोक्यात जात नाही, अक्का. अव्वाला म्हणून दाखवायची सवय हाय."

पहिल्या चाचणीत पाठांतर कामी आलं नाही, ती सपशेल नापास झाली. सेमिस्टरलाही असंच झालं तर सामान घेऊन घरी यायचं, असं तिच्या वडिलांनी, अप्पांनी बजावलं होतं. पायऱ्यांवर बसून ती पोटभर रडली आणि तिथूनच आईला फोन लावला.

तिच्या अव्वाला, म्हणजे आईला, लिहिता-वाचता येत नव्हतं. ती गावात एका खानावळीत भाकऱ्या थापायची. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. "पाठ म्हणू नको बाई, मला कळंल असं सांग की," ती म्हणाली. तेव्हापासून पलीकडून थापण्याचा आवाज यायचा आणि अलीकडून अर्थशास्त्र. थापणं चालू म्हणजे कळलं. आवाज थांबला की हिचं बोट वर, "थांब, परत सांगते."

कधी कधी तिचं तिलाच सांगता यायचं नाही. मग धावत आत यायची. "अक्का, ते दुसरं पुस्तक द्या लवकर, अव्वाची भाकरी करपायला लागलीय!" मला हसू आवरायचं नाही. पण पोरगी खरंच शिकायला लागली होती. पुढच्या चाचणीत ती पास झाली.

सेमिस्टरच्या परीक्षेच्या तोंडावर अव्वा गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. अव्वाला निरोप द्यायचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून पोरगी परतली ती थेट वाचनकक्षात. खिडकीजवळ बसून तिनं पुस्तक उघडलं. ओठसुद्धा हलत नव्हते. मी जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला.

"आता जमतंय अक्का, मनात वाचायला," ती म्हणाली.

मला तिथं उभं राहवेना. पुस्तकांच्या कपाटाआड जाऊन मी डोळे पुसले.

ती पास झाली, घरी परतावं लागलं नाही. पदवी घेऊन ती पुढं शिकायला धारवाडला गेली. तिथंही खाली मान घालून गप वाचत असेल.

नवनगरला माझ्या घरी भाकरी थापताना कधी कधी माझा हात आपसूक थांबतो. मी वाट बघते. कुणीच काही परत सांगत नाही.