ज्वारीतले खडे वेचणारी बोटं

केजजवळच्या आमच्या शाळेत माझ्या अक्षराचा लौकिक होता. एका मुलीच्या बोटांत मात्र पेन्सिल ठरत नव्हती. दोन वर्षं मी तिला नुसतं गिरवायला लावलं. नव्या बाईंनी पेन्सिल बाजूला ठेवून तिला ज्वारीतले खडे वेचायला, पीठ मळायला बसवलं. दिवाळीनंतर तिनं स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर वाकडंच होतं, तरी माझ्या पोटात दुखलं.

शाळा तपासायला आलेल्या केंद्रप्रमुखांनी तिची वही पाहून विचारलं, "कुणी शिकवलं?"

बाईंच्या आधी मीच म्हणालो, "मी."

मुलगी म्हणाली, "गुर्जी, तुमी कवा शिकवलं?"

सगळे हसले. "गप बस," म्हणून मी तिला दटावलं.

तिला लिहितं बाईंनी केलं. मी फक्त तिला खरं बोलल्याबद्दल दटावलं.