मी जमवलेलं बेडकांचं लग्न

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण नंतर माझी बाजूही ऐकायची आहे!

आमची ऋचा देवासच्या कॉलेजात बेडकांवर काम करते. बेडूक म्हणून नाक मुरडू नका! मी बारावीपुढे शिकले नाही, पण तिनं समजावलेलं मला पाठ आहे. मेंदूखालच्या एवढ्याशा ग्रंथीचा हुकूम सुटतो, तो रक्तातून वृषणापर्यंत जातो, तिथे नराचं संप्रेरक तयार होतं, मग गळ्याची पिशवी फुगते आणि नर डरांव डरांव करून मादीला बोलावतो. गल्लीत कुणी विचारो न विचारो, मी हे सांगतेच.

सुट्टीत कॉलेज बंद, म्हणून मॅडमना विचारून ऋचानं दोन बेडूक घरी आणले. एक रात्रंदिवस ओरडणारा, दुसरा मुका. मुक्याला सकाळी इंजेक्शन टोचून ती म्हणाली, "आई, याचा परिणाम दिसला तरच मॅडम मला पुढच्या संशोधनात घेणार. नीट लक्ष ठेव हं!" आणि गेली मैत्रिणीकडे.

इंजेक्शन कशाचं, हे मी विचारलंच नाही. मला सगळं येत होतं ना!

दुपारी शेजारच्या कमलाजीजी धापा टाकत आल्या. पाऊस लांबला होता, म्हणून मंदिरात मेंढकांचं, म्हणजे बेडकांचं, लग्न ठरलं होतं. "बाई, दूल्हा-दुल्हन दोनों भाग गए! तलैया सूखी पड़ी है, अब कहाँ से लाएँ?"

"आमच्याकडे आहेत की!"

"पर इनमें दुल्हन कौन?"

अहो, हा प्रश्न मला विचारावा? मी छाती पुढे काढून म्हटलं, "जीजी, सायन्स है! बोलता है वो नर. जो चुप है, वो दुल्हन."

तासाभराचा तर प्रश्न, असं म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून दोघांना नेलं. हळद लावू दिली नाही, त्यांची कातडी नाजूक असते. शेवटी संशोधकाची आई मी! माझ्या रुमालाचा अंतरपाट धरला, मुक्या नवरीला लाल चिंधी पांघरली आणि आपल्या पद्धतीनं मंगलाष्टकं मीच म्हटली.

"शुभमंगल सावधान!"

"डरांव!"

नवरा नव्हे हो, नवरी! गळ्याचा फुगा एवढा मोठा की चिंधी घसरली. नवऱ्यानंही डरांव केलं. मग दोघांची अशी जुंपली की भटजी अक्षता हातात घेऊन थांबले.

"भिया, ये तो दोनों दूल्हे हैं!" मागून कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात ऋचा धावत आली. घरातले रिकामे डबे पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, झालं, पोरीचं वाटोळं केलं! पण ती मोबाइल समोर धरून उभी राहिली, डोळ्यांत पाणी. "आई, बोलला गं! माझा मुका बोलला!"

मुकाही नरच होता. त्याच्या ग्रंथीचा हुकूम सुटत नव्हता, तो इंजेक्शननं दिला होता. मॅडमनी ते रेकॉर्डिंग ऐकलं, मागच्या वऱ्हाडाच्या गलक्यासकट, आणि ऋचाला संशोधनात घेतलं. पेढे वाटताना मी पुन्हा सगळ्यांना ग्रंथीपासून समजावलं.

परवा धारला माहेरी गेले होते. भाच्यासाठी मुलगी बघायला सगळे निघाले. मीही पैठणी नेसून तयार! वहिनी माझा हात धरून अगदी आदरानं म्हणाल्या,

"वन्सं, तुम्ही घरीच थांबा. मुलगी आहे की नाही, ते आम्ही बघून येतो."