न केलेली थट्टा

तिला सगळे भोंगाबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिची पाठ वळली की लगेच. गावच्या आपत्ती निवारण कक्षाची ती प्रमुख. नाव भारदस्त, पण कक्ष म्हणजे दोन खोल्या, एक बिनतारी संच, भिंतीवर नदीचा नकाशा आणि गच्चीवर भोंगा. भोंग्याचं बटण तिच्या टेबलावर, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली.

आदल्या वर्षी तिनं ते दाबलं आणि पाणी आलंच नाही. नदीकाठच्या गल्ल्या पोराबाळांना, गाठोड्यांना घेऊन टेकडीवरच्या शाळेत जाऊन बसल्या आणि संध्याकाळी तिला शिव्या घालत घरी परतल्या. त्या धावपळीत खुद्द तिची आई शाळेच्या जिन्यात घसरली आणि खुबा मोडून बसली. आई राहायची नदीकाठी, दादा-वहिनीकडे. तेव्हापासून आईच्या हातात काठी आली आणि दादानं बहिणीशी बोलणं कामापुरतं ठेवलं.

भित्री तर ती होतीच. घराला कुलूप लावून निघाली की वळणावरून परत येऊन कुलूप ओढून बघायची. खरं म्हणजे या कामाला भित्रंच माणूस हवं, पण मुलाखतीत तसं कोणी विचारत नाही. तिथं सगळ्यांना छातीठोक माणसं हवी असतात.

तिचा दिवस सुरू व्हायचा हजेरीनं. नदीच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत प्रत्येक गावात असाच एकेक कक्ष होता. ती बिनतारीवरून एकेकाला हाक मारायची, ते "हजर, पातळी साधारण" म्हणायचे, की झालं काम. पण कामापुरतं बोलून कोणाचं पोट भरतंय? कोणाची बदली झाली, कोणाचे गुडघे धरले, कोणाची लेक पास झाली, कोणाला साहेबांनी झापलं, सगळ्या बातम्या हजेरीतच फिरायच्या. वर्षातून एकदा संमेलनाला भेटणारी ही माणसं, पण एकमेकांच्या घरातलं सख्ख्या भावाच्या घरातल्यापेक्षा जास्त ठाऊक.

सगळ्यात वरचा कक्ष धरणापाशी. तिथल्या गड्याला टेप म्हणत, कारण एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. सरळ उत्तर त्यानं कधी दिलंच नव्हतं. "हजर नाही ताई, वाहून गेलो, तुमच्याच गावात पोचतोय, चहा टाका." वडील वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो म्हणाला होता, "बाबा वर गेलेत, आता पातळी तेच वरून कळवतील." कोणाला हसावं की रडावं कळेना.

मग मुख्य कार्यालयातून हुकूम आला. खात्री नसलेली बातमी कोणी कोणाला द्यायची नाही आणि हजेरीत गप्पा बंद. सगळे हिरमुसले. टेप तेवढा म्हणाला, "हुकूम पोचला. यापुढे थट्टा तीन प्रतींत पाठवीन."

आणि त्याच आठवड्यात एका सकाळी तिनं हाक मारली, "वरचा कक्ष?"

"हजर. पातळी साधारण."

ती थांबली. पुढं काहीतरी येईल म्हणून कान देऊन बसली. नुसती खरखर.

"सगळं ठीक ना रे?"

"ठीक." आवाज दबलेला, कोणी तोंडावर हात ठेवावा तसा.

पुढच्या कक्षांची हजेरी तिनं कशीबशी उरकली आणि टेपच्या मोबाइलवर फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्याच्या शेजारी कोणीतरी उभं आहे, तिच्या मनानं घेतलं. वर काहीतरी बिनसलंय, बोलायची त्याला बंदी आहे, आणि न बोलून तो जे सांगायचं ते सांगतोय.

तिनं मुख्य कार्यालयातल्या साहेबांना फोन केला.

"मोजपट्टी काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

"साधारण."

"मग?"

"साहेब, तो आज थट्टा करत नाहीये."

साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. "बाई, एक माणूस शहाण्यासारखा बोलला म्हणून गाव रिकामं करायचं? मागच्या वेळचं निस्तरताना माझ्या नाकी नऊ आले. बटणाला हात लावू नका."

खिडकीबाहेर लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या न्हाव्यानं एकाच्या गालाला साबण फासला होता. गल्लीतल्या कठड्यांवर कपडे वाळत होते. आपण चुकलो तर नोकरी जाईल आणि लोक दारात उभं करणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण दुसरी भीती त्याहून मोठी होती. काठीवाली आई तळमजल्यावर होती. तिनं एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं, झाकण उघडलं आणि बटण दाबलं.

भोंगा वाजला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली आणि हसली. तिनं कर्णा लावलेली गाडी गल्लीगल्लीत पाठवली, पोलिसांच्या हातापाया पडली, तेव्हा कुठं लोक कुरकुरत निघाले. मग वहिनीचा फोन आला. "अहो वन्सं, आई ऐकत नाहीत. आतून कडी लावून बसल्यात."

"खिडकीतून तिच्याकडे फोन द्या."

आईचा आवाज तापलेला होता. "मी नाही येणार. मागच्या खेपेला तुझ्या भोंग्यापायी हाड मोडून घेतलं. आता काय मान मोडू?"

"आई, वरून तसा..." तिनं अधिकाऱ्याच्या सुरात सुरुवात केली आणि ती मध्येच सोडून दिली. "आई, मला भीती वाटतेय गं. खूप भीती वाटतेय."

"मग आधी तसं सांगायचंस ना," आई म्हणाली, आणि कडी निघाल्याचा आवाज आला. वहिनीनं आणि शेजाऱ्यानं आईला खुर्चीत बसवून टेकडीवर नेलं.

दुपार झाली. नदी होती तशीच संथ. टेकडीवर लोकांचा धीर सुटला. कोणी गाठोडी उचलू लागलं, कोणी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागलं. साहेबांचा फोन तीनदा येऊन गेला, तिनं उचलला नाही. आईनं वहिनीकरवी विचारलं, आता घरी जाऊ का? "अजून थोडं," ती म्हणाली, आणि आपण आता संपलो असं तिला मनोमन वाटलं. घराकडे पुढं गेलेल्या काही पुरुषांनी उतारावरून आधी पाण्याचा आवाज ऐकला आणि ते जिवाच्या आकांतानं उलटे धावत सुटले.

पाणी आलं ते लाल, दारं आणि खाटा घेऊन आलं. बघता बघता आईच्या घरातला पंखा बुडाला. वरच्या धरणाचा दरवाजा निखळला आहे, दक्षता घ्यावी, हा अधिकृत निरोप कक्षात पोचला तेव्हा गल्ल्या दिसतसुद्धा नव्हत्या. गावातलं एकही माणूस गेलं नाही.

त्या वर्षीच्या संमेलनात तिचा सत्कार ठरला. हॉलमध्ये ओळखीचे आवाज आपापल्या चेहऱ्यांसकट भेटत होते, कोणी तिला मिठी मारत होतं, कोणी तिच्याबरोबर फोटो काढत होतं. भोंगाबाई हे नावसुद्धा आता लोक तोंडावर, मानानं घेत होते. टेप मात्र कोपऱ्यात उभा होता. तीच त्याच्याकडे गेली.

"तुझ्यामुळे रे सगळं. तू बोलला नाहीस म्हणून कळलं."

त्यानं खाली पाहिलं. "ताई, एक सांगायचं होतं. आदल्या संध्याकाळी माझी दाढ काढली होती. तोंडात कापसाचा बोळा. बोलताच येत नव्हतं हो. हजेरी दिली, गोळी घेतली आणि घरी जाऊन झोपलो. फोन कक्षात राहिला."

"आणि दरवाजा?"

"तो दुपारी निखळला. सकाळी कोणाच्या बापालाही ठाऊक नव्हतं. मी तेव्हाही झोपलोच होतो, ताई."

तेवढ्यात माइकवरून तिला बोलावणं आलं. व्यासपीठावर जाऊन तिनं सरळ सांगून टाकलं, "मला काहीही कळलं नव्हतं. मी नुसती घाबरले होते. त्या दिवशी घाबरले नसते तर तुम्ही आज इथं श्रद्धांजली वाहत असता." हॉलनं कडाडून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माइक घेतला आणि विनम्रता कशी असावी यावर चार शब्द बोलले.

ती संध्याकाळी घरी आली. आई आता तिच्याकडेच राहत होती. खाटेवर बसून ती शेंगा सोलत होती. भोंगाबाई पायातल्या चपलाही न काढता तिच्याजवळ बसली आणि तिनं आईचं मनगट घट्ट धरलं.

"कसं झालं भाषण?"

तिनं पकड आणखी आवळली.

"अगं, सोड, हात दुखतोय. झालंय काय? पुन्हा पाणी येतंय का?"

"नाही," ती म्हणाली. पण हात तिनं सोडला नाही.